डायल-अपवर घरभर वायफाय: जमतं, पण हाती काय लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात वडील एकटे राहतात. लँडलाईन आहे, तीस वर्षांपासूनचा तोच नंबर आहे आणि तो त्यांना सोडायचा नाही. कपाट आवरताना जुना डायल-अप मोडेम निघाला. तुम्ही बर्डीवरून वायफायचा राउटर आणला, फोनची वायर त्यात खोचली. मोबाईलवर वायफायचं नाव दिसतं, पण खाली ‘इंटरनेट नाही’ असं येतं. वडिलांचं म्हणणं, फोन आहे, मोडेम आहे, मग नव्या कनेक्शनचे पैसे कशाला? आणि तुम्ही विचारता, राउटर खराब निघाला का?

राउटर चांगला आहे. फक्त ती फोनची वायर आधी त्यातून काढा, मग पुढचं वाचा. फोनची बारकी पिन राउटरच्या मोठ्या खाचेत सैलसर बसते, म्हणून अनेकांना वाटतं की ती तिथलीच आहे. फोनच्या लाईनवर एक्सचेंजकडून ४८ व्होल्ट कायम उभे असतात आणि घंटी वाजते तेव्हा सुमारे ७५ व्होल्टची एसी येते. लाईन जोडताना नेमका फोन आला की काय होतं ते माझ्या बोटांना चांगलं ठाऊक आहे. राउटरचं ते तोंड असल्या विजेसाठी केलेलंच नसतं. तुमचा वाचला असेल तर नशीब समजा.

आता मूळ घोटाळ्याकडे येऊ. वायफाय म्हणजे इंटरनेट, असं आपल्याकडे आता सरसकट बोललं जातं. वायफाय फक्त घरातल्या घरात वायरीचं काम करतं. मे महिन्यात तुमच्या भागात नळाला करंगळीएवढी धार येत असेल आणि तुम्ही घरात नव्या चार तोट्या बसवल्या, तर पाणी चौपट येत नाही. टिल्लू पंप लावून शेजाऱ्याचं पाणी ओढता तरी येतं, इथे तीही सोय नाही. १९९९ साली घराघरांत आलेलं पहिलं वायफाय सेकंदाला ११ मेगाबिट चालायचं आणि डायल-अप जास्तीत जास्त ५६ किलोबिट. म्हणजे त्या सर्वांत जुन्या वायफायपुढेही डायल-अप जवळजवळ दोनशे पट बारीक. तुमच्या नव्या राउटरशी तर तुलनाच नको.

दुसरा घोटाळा ‘मोडेम’ या शब्दाचा. गेली वीसेक वर्षं ब्रॉडबँडसोबत जो डबा मिळतो त्यात मोडेम, राउटर आणि वायफाय तिन्ही एकत्र असतात. त्यामुळे डबा लावला की झालं, अशी सवय लागली. जुना डायल-अप मोडेम बिचारा एकाच कामाचा. कॉम्प्युटरने सांगितलेला नंबर फिरवायचा, पलीकडच्या मोडेमशी शिट्ट्यांत बोलायचं आणि आकडे आवाजात, आवाज आकड्यांत बदलायचे. युझरनेम-पासवर्ड देणं, पत्ता मिळवणं, कनेक्शन धरून ठेवणं हे सगळं कॉम्प्युटर करायचा. तुमच्या राउटरला नंबर फिरवताच येत नाही. मोडेम आणि राउटर यांच्यामध्ये कोणीतरी शहाणा बसवावा लागतो. सगळी भानगड त्या मधल्या माणसाची आहे.

पण त्याआधी एक पैशाचाही खर्च न करता दोन परीक्षा घ्या.

पहिली: घरातल्या साध्या फोनवरून डायल-अपचा नंबर हाताने फिरवा. मोडेमच्या जुन्या कागदांत किंवा कॉम्प्युटरच्या डायल-अप आयकॉनमध्ये तो लिहिलेला असेल. पलीकडून ती कर्कश शिट्टी ऐकू आली तरच पुढे काही अर्थ आहे. ‘हा नंबर अस्तित्वात नाही’ असं ऐकू आलं किंवा नुसतीच घंटी वाजत राहिली, तर पलीकडे उचलणारं कोणी नाही, मग अलीकडे तुम्ही सोन्याचा राउटर लावला तरी उपयोग नाही. जगभर ही दुकानं बंद होत आली आहेत. अमेरिकेत ज्या कंपनीने डायल-अप घराघरांत नेलं त्या एओएलनेसुद्धा ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली सेवा गुंडाळली. शिट्टी आली तरी खातं चालू आहे का, हे वेगळं विचारावं लागेल.

दुसरी परीक्षा लाईनची, ही मला एका जुन्या लाईनमनने शिकवली. रिसीव्हर उचला, डायल टोन येऊ द्या आणि कुठलाही एक आकडा दाबा. टोन थांबेल. आता कान लावून ऐका. शांतता असेल तर तारांची जोडी चांगली. खरखर, कडकड किंवा दूरवरचं कोणाचं बोलणं ऐकू आलं, तर खांबावरच्या डीपीपासून (जिथून घरोघरच्या तारा फुटतात ती पेटी) घरातल्या रोझेटपर्यंत (भिंतीवरची फोनची डबी) कुठेतरी सांधा खराब आहे. महालात, इतवारीत तर एकेका वायरीला पाच-पाच जोड दिलेले मी पाहिले आहेत, वर नुसती चिकटपट्टी. पावसाळ्यात त्यात पाणी शिरलं की माणसाला बोलणं कळतं, मोडेमला कळत नाही.

लँडलाईन नुकतीच फायबरवर गेली असेल तर मात्र दोन्ही परीक्षा सोडा. हे नीट समजून घ्या, कारण यातच डायल-अपचं सगळं इंगित आहे. जुन्या पद्धतीत एक्सचेंज तुमच्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतं, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे ६४ किलोबिट. फोनच्या कॉलमधून याहून जास्त निघूच शकत नाही. इंटरनेट देणारा आपल्या बाजूने थेट डिजिटल जोडलेला असेल तरच उतरणीला, म्हणजे तुमच्याकडे येताना, ५६ मिळू शकतात; चढणीला, म्हणजे तुमच्याकडून जाताना, ३३.६, फार तर ४८. घरातला मोडेम ते दुसऱ्या घरातला मोडेम असं जोडलं तर ३३.६ च्या वर जातच नाही. हे सगळं आवाज जसाच्या तसा पोचतो या भरवशावर उभं आहे. नव्या इंटरनेट-पद्धतीच्या टेलिफोनीत आवाज दाबून, तुकडे करून पाठवतात. माणसाच्या कानाला फरक कळत नाही, मोडेमच्या शिट्टीचा मात्र पार भुगा होतो. त्यामुळे फायबरवाल्या लँडलाईनवर डायल-अप बहुधा लागतच नाही, लागलं तरी टिकत नाही.

समजा दोन्ही परीक्षा पास झाल्या. मग मधला माणूस म्हणून घरातला जुना कॉम्प्युटर बसवता येतो.

मोडेम त्या कॉम्प्युटरला जोडा आणि आधी फक्त तेवढ्यावर इंटरनेट चालवून बघा. हे चालत नसताना राउटरला हात लावू नका. दहातले आठ जण इथेच चुकतात आणि मग दोष कुठे आहे तेच कळत नाही. मोडेम बाहेरचा, जाड नऊ किंवा पंचवीस पिनांच्या वायरीचा असेल तर उत्तम, कारण त्याचं डोकं त्याच्याच आत असतं आणि तो कुठल्याही कॉम्प्युटरशी बोलतो. कॉम्प्युटरच्या आत बसवायची स्वस्त कार्डं वेगळी. ती अर्धं काम विंडोजकडून करून घ्यायची, त्यामुळे त्यांचा ड्रायव्हर त्या काळच्या विंडोजबरोबरच गेला. असलं कार्ड नव्या मशीनवर चालवण्यात वेळ घालवू नका.

विंडोज एक्सपीवर चालत असाल तर डायल-अपच्या आयकॉनच्या प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर इंटरनेट कनेक्शन शेअरिंगची खूण आहे, ती लावा. तिच्याच खाली ‘कोणी मागितलं की आपोआप डायल कर’ अशा अर्थाची दुसरी खूण असते. ती काढा. लगेच काढा. कारण पुढे सांगतो.

शेअरिंग सुरू केल्यावर एक्सपी स्वतःला १९२.१६८.०.१ हा पत्ता घेतं आणि बाकीच्यांना पत्ते वाटू लागतं. विंडोज ७ आणि त्यापुढे हाच पत्ता १९२.१६८.१३७.१ असतो. आता कॉम्प्युटरच्या लॅन पोर्टातून (नेटवर्कच्या केबलची खाच) एक केबल काढून राउटरच्या वॅन पोर्टात घाला, म्हणजे तुम्ही फोनची वायर खोचली होती त्याच खाचेत. राउटरमध्ये इंटरनेटचा प्रकार ‘डायनॅमिक’ ठेवा. बऱ्याच राउटरांचा स्वतःचा पत्ताही कारखान्यातून १९२.१६८.०.१ असाच येतो. एक्सपीशी तो भांडला की काहीच चालणार नाही, म्हणून राउटरचा पत्ता १९२.१६८.१०.१ असा काही वेगळा करून टाका. काही जण सांगतील की वॅन रिकामा ठेवा, लॅन पोर्टात घाला आणि राउटरचं पत्ते वाटणं बंद करा. तेही बरोबर आहे. पण मी वॅनच्या बाजूचा, कारण मग कोणत्या मोबाईलला आत घ्यायचं आणि कोणाला नाही, हे राउटरमध्येच ठरवता येतं. या बारीक धारेवर तो ताबा हवाच.

वायफायला पासवर्ड डब्ल्यूपीए२ चा द्या. आणि एक्सपीबद्दल एक: त्याची सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली. त्याच्या जुन्या ब्राउझरमध्ये आजच्या बहुतेक साईट उघडणारही नाहीत. गंमत अशी की त्याच्या मागे बसलेल्या नव्या मोबाईलवर त्या उघडतात, कारण तिथे एक्सपी फक्त हमालाचं काम करतो. म्हणून त्या मशीनवर बसून बँकेचं काही करू नका.

आता ती दुसरी खूण. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात मी असंच शेअरिंग लावून दिलं आणि सोय म्हणून आपोआप डायल चालू ठेवलं. ऑफिसात चार कॉम्प्युटर. रात्री कोणी नसताना एकाचं अँटीव्हायरस अपडेट मागायचं, दुसऱ्याचं घड्याळ वेळ विचारायचं, आणि मोडेम आपला इमानदारीने नंबर फिरवायचा. तेव्हा इंटरनेटचे तास वेगळे आणि फोनच्या कॉलचे पैसे वेगळे. महिन्याचं बिल आलं तेव्हा साहेबांनी मला बोलावून ते टेबलावर ठेवलं, तोंडाने काही बोलले नाहीत. अर्धं मी भरलं. तेव्हा नुसते चार कॉम्प्युटर होते. आजचा एक मोबाईल खिशात पडल्या पडल्या रात्रभर पन्नास ठिकाणी विचारपूस करत असतो.

जुना कॉम्प्युटर दिवसभर घुरघुरत ठेवायचा नसेल तर त्याच्या जागी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर बसवता येतो. २०१६ च्या तिसऱ्या मॉडेलपासून त्यात वायफाय आतच आहे, म्हणजे राउटरचीही गरज नाही. त्याला यूएसबीचा मोडेम लावायचा; पण डोकं आतच असलेला बघून घ्या, तो लिनक्सला साध्या सिरियल पोर्टासारखा दिसतो. डायल करायला डब्ल्यूव्हीडायल आणि पीपीपीडी, वायफाय फेकायला होस्टएपीडी, पत्ते वाटायला डीएनएसमास्क. लिनक्स येत असेल तर एका रविवारचं काम, येत नसेल तर इथे शिकायला सुरुवात करू नका. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) चालणारा यूएसबीवाला राउटर असेल तर हेच सगळं त्या राउटरच्या पोटातही बसतं.

आणि हे सगळं वेडेपणाचं वाटत असेल तर थांबा. अ‍ॅपलचा एअरपोर्ट बेस स्टेशन हा १९९९ सालचा डबा घरगुती वायफायच्या पहिल्या डब्यांपैकी. त्यात ५६ के मोडेम आतच होता आणि मागे फोनच्या वायरीची खाच! म्हणजे वायफाय घरात शिरलं तेव्हा डायल-अपच्याच खांद्यावर बसून. तुमच्या वडिलांची कल्पना फक्त पंचवीस वर्षं उशिरा आली. आपल्याकडे हे जमलं नाही, कारण तेव्हा वायफायच्या लहरींना परवान्याची भानगड होती. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला २००५ मध्ये, आणि तोवर डायल-अपवाले ब्रॉडबँडच्या रांगेत उभे राहू लागले होते.

जोडणी टिकत नसेल तर मोडेमला सांगायचे दोन-तीन मंत्र. डायल टोन असूनही मोडेम ‘टोन नाही’ म्हणत असेल तर सुरुवातीच्या कमांडमध्ये एटीएक्स३ घाला, मग तो टोनची वाट न बघता नंबर फिरवतो. शिट्टीने झोपमोड होत असेल तर एटीएम०. आणि खरखरीच्या लाईनवर ४८ ला जोडून दर दहा मिनिटांनी तुटण्यापेक्षा मोडेमला व्ही.३४ या जुन्या, सावकाश पद्धतीवर बांधून ३३.६ ला स्थिर चालवलेलं केव्हाही बरं. कॉल वेटिंग बंद करून घ्या, त्या एका टुकटुक आवाजाने कनेक्शन जातं. स्वयंपाकघरात पॅरलल फोन असेल तर तो काढा किंवा घरच्यांना बजावून ठेवा. आमच्या घरी आई दुपारी मावशीला फोन लावायला रिसीव्हर उचलायची आणि माझं तासाभराचं डाउनलोड त्या क्षणी मातीत जायचं. तिला ती शिट्टी ऐकू यायची आणि ती म्हणायची, फोन बिघडला वाटते.

आता हाती काय लागतं ते. ५६ किलोबिट म्हणजे ८ ने भागून सेकंदाला ७ किलोबाईट. प्रत्यक्षात ४ ते ५ धरा. मोबाईलचा ३ एमबीचा एक फोटो यायला दहा मिनिटं. १०० एमबीचं एक अ‍ॅप अपडेट झालं तर साडेपाच तास, तेही मधे कोणाचा फोन आला नाही तर. साधी मेल, मजकुराचे निरोप आणि ओपेरा मिनीसारख्या पान दाबून देणाऱ्या ब्राउझरवर बातम्या, एवढं नीट होतं. व्हिडिओ कॉल होत नाही. यूपीआयला लागतात थोडेच बाईट, पण वाट बघण्याची त्याची मुदत आधी संपते, म्हणून किराणेवाल्यासमोर त्याचा भरोसा धरू नका. दुसरा मोबाईल आत आला की जे आहे त्याचंही अर्धं. म्हणून प्रत्येक मोबाईलवर हे वायफाय ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून वापरायचं, म्हणून नोंदवा, आपोआप अपडेट आणि फोटोंचा बॅकअप बंद करा. सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे २००४ च्या धोरणात २५६ किलोबिट होतं, पुढे ५१२ झालं आणि २०२३ पासून २ मेगाबिट. तुमचं कनेक्शन पहिल्या व्याख्येच्याही चौथ्या हिश्शाखाली आहे.

राउटर कुठे ठेवायचा हे मात्र कुठलंही कनेक्शन घेतलं तरी उपयोगी पडेल. वाड्याच्या मातीच्या भिंती दोन-दोन फूट जाड, त्यातून सिग्नल एका खोलीपलीकडे रखडतो. दिवाणखान्यातून दाराच्या रेषेत येईल असा उंचावर ठेवा. आणि कूलरपासून लांब! मला एप्रिलमध्ये दरवर्षी फोन येतात की हिवाळ्यात चालणारं वायफाय अचानक मागच्या खोलीत बंद झालं. खिडकीत कूलर चढला असतो. पत्र्याची पेटी लहरी परतवते, ओल्या ताट्या आणि टाकीतलं पाणी उरलेल्या पिऊन टाकतं. कूलरच्या पलीकडे राउटर असेल तर जून उजाडेपर्यंत तक्रार चालूच राहते. उन्हाचंही बघा. घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी केलेले असतात आणि नवतपात आपल्या माळ्यावर त्याहून कितीतरी जास्त असतं. फ्रिजवर, माळ्यावर किंवा पत्र्याखाली ठेवू नका.

पहिल्या पावसाआधी गडगडू लागलं की फोनची वायर मोडेममधून उपटायची, नुसता स्विच बंद करून भागत नाही. वीज लाईनवरूनच येते. मृगाच्या आठवड्यात माझ्या टेबलावर जळलेल्या मोडेमांची रास पडायची.

तर तुमच्या जागी मी काय केलं असतं? तांब्याची जोडी शांत असेल तर त्याच लाईनवर, त्याच नंबरवर ब्रॉडबँड मिळतं का ते एक्सचेंजमध्ये विचारलं असतं. ते आवाजाच्या वरच्या पट्टीतून जातं, त्यामुळे फोन आणि इंटरनेट एकाच वेळी चालतात. रोझेटपाशी एक स्प्लिटर (फोन आणि इंटरनेट वेगळे करणारी डबी) आणि ब्रॉडबँडचा वेगळा मोडेम लागतो. एक्सचेंजपासून तारेची लांबी तीन-चार किलोमीटरच्या आत असेल तर डायल-अपच्या पन्नास-शंभर पट वेग सहज येतो. वडिलांचा नंबर राहतो, भिंतीला भोक पडत नाही. ते नसेल तर सिमकार्डाचा ४जी राउटर, रस्त्याकडच्या खिडकीत. तुमचा नवा राउटर यातल्या दोन्हींना वापरता येईल, फुकट जाणार नाही.

पण वडिलांना ‘होत नाही’ असं तोंडी सांगून ते ऐकणार नाहीत, हे तुमच्या पत्रावरून दिसतंच आहे. त्यांच्यासमोर फोनवर तो नंबर फिरवा आणि रिसीव्हर त्यांच्या कानाला द्या. शिट्टी वाजली तर त्या रविवारी जुन्या कॉम्प्युटरवर एकदा जोडून दाखवा आणि नातवाचा एक फोटो उघडायला त्यांनाच बसवा. दहा मिनिटांनी एक्सचेंजचा अर्ज भरायला ते स्वतःच पेन मागतील. मोडेम मात्र भंगारात घालू नका. त्याच्या बुडाचा मॉडेल नंबर मला कळवा; जाड पिनांचा असेल तर माझ्याकडे त्याला अजून काम आहे.